साथरोगांच्या नोंदींतल्या तारखा खुल्या करा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य व कुटुंब कल्याण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : साथरोगांच्या नोंदी तारखांसह आणि निनावी स्वरूपात नियमितपणे प्रसिद्ध करण्याबाबत

महोदय,

सविनय नमस्कार.

साथरोगांचा अंदाज बांधणाऱ्या एका संशोधनगटात मी संशोधन सहायक म्हणून काम करते. डेंग्यू किंवा इन्फ्लुएन्झासारख्या आजाराचे रुग्ण येत्या दोन ते चार आठवड्यांत कोणत्या जिल्ह्यात किती वाढू शकतील याचा हिशेब मांडणे, आणि तो हिशेब कितपत चुकू शकतो हेही त्याच्यासोबत सांगणे, असे या कामाचे स्वरूप आहे. आपल्याकडे माझी विनंती एकच आहे. राज्याकडे जमा होणाऱ्या साथरोगांच्या नोंदी, रुग्णाची ओळख काढून टाकून, परंतु लक्षणे सुरू झाल्याची, नमुना घेतल्याची आणि नोंद झाल्याची अशा तिन्ही तारखांसह, दर आठवड्याला ठरलेल्या वारी प्रसिद्ध कराव्यात, आणि पुढे त्यांत दुरुस्ती झाली तरी आधी प्रसिद्ध झालेली प्रत काढून टाकू नये. ही मागणी वरवर कारकुनी वाटेल, म्हणून तिची कारणे थोडी विस्ताराने लिहिते.

या शास्त्राचे मुंबईशी जुने नाते आहे. साथीच्या गणिताचा आजही जगभर शिकवला जाणारा पाया केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांनी 1927 साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात मांडला, आणि आपले समीकरण पडताळून पाहण्यासाठी त्यांनी डिसेंबर 1905 ते जुलै 1906 या काळात मुंबई बेटावर प्लेगने दर आठवड्याला झालेल्या मृत्यूंचे आकडे वापरले. मॅकेंड्रिक यांनी भारतीय वैद्यकीय सेवेत अनेक वर्षे काढली होती. प्लेग उंदरांमधून माणसांत येतो आणि आपली गृहीतके त्याला काटेकोरपणे लागू पडत नाहीत, हे त्या दोघांनी स्वतःच नमूद केले आहे. तरीही त्या मृत्यूंवरून त्यांनी काढलेली आकृती टिकली, कारण तिच्याखालचे आकडे आठवड्यागणिक मोजून छापले गेले होते. मुंबईच्या प्लेगने आपल्याला 1897 चा साथरोग कायदाही दिला. मार्च 2020 मध्ये तो कायदा आपण लगेच बाहेर काढला; आठवड्याचे आकडे वेळेवर छापण्याची त्याच काळातली सवय मात्र तितक्या तत्परतेने कोणाला आठवली नाही.

आमच्या कामाचा मोठा भाग गणिताचा नसून निवडण्या-टिपण्याचा असतो, हे बाहेरच्यांना सहसा माहीत नसते. आकडे पीडीएफमध्ये येतात, कधी त्या पीडीएफमध्ये छापील कागदाचे छायाचित्र असते, आणि मग ते हाताने उतरवून घ्यावे लागतात. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून वेगळा झाला, त्यामुळे ठाण्याची त्याआधीची आकडेवारी नंतरच्या आकडेवारीशी थेट जोडता येत नाही. औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबाद आणि धाराशिव, अहमदनगर आणि अहिल्यानगर ही एकाच जिल्ह्याची दोन नावे आहेत हे माणसाला कळते, पण संगणकाला ते सहा वेगळे जिल्हे वाटतात. नावांवर वाद होत राहतील, मात्र केंद्र सरकारच्या स्थानिक शासन निर्देशिकेतला जिल्ह्याचा सांकेतिक क्रमांक प्रत्येक नोंदीपुढे लिहिला तर निदान हा घोळ संपेल. महापालिकेचे आकडे कधी जिल्ह्यात धरलेले असतात, कधी वेगळे दाखवलेले असतात. पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात राहणारा रुग्ण मुंबईच्या रुग्णालयात दाखल झाला तर तो कोणाच्या खात्यावर पडला, हे तळटीप नसेल तर कळण्याचा मार्ग उरत नाही.

हे सगळे कष्टाने का होईना दुरुस्त करता येते. तारीख नसेल तर मात्र काहीच करता येत नाही.

डेंग्यूचा एखादा रुग्ण सोमवारी तापाने पडतो, गुरुवारी डॉक्टरकडे जातो, शनिवारी त्याचे रक्त तपासणीला जाते, अहवाल पुढच्या मंगळवारी येतो आणि जिल्ह्याच्या नोंदीत तो आणखी काही दिवसांनी चढतो. म्हणजे आज प्रसिद्ध झालेला आकडा आजची स्थिती सांगत नाही. तो दहा-बारा दिवसांपूर्वी आजारी पडलेल्यांची, तीही वेगवेगळ्या विलंबाने पोहोचलेली, सरमिसळ असते. याउलट, नोंदी लक्षणांच्या तारखेप्रमाणे लावल्या तर आलेखाचे शेवटचे टोक नेहमीच खाली उतरलेले दिसते. साथ ओसरते आहे म्हणून ते उतरत नाही, तर अलीकडे आजारी पडलेल्यांच्या नोंदी अजून वाटेत असल्यामुळे उतरते. साथ ऐन भरात असतानाही हे टोक खालीच असते, आणि बैठकीत कोणी तो आलेख भिंतीवर दाखवून ‘रुग्णसंख्या घटू लागली आहे’ असे म्हणाले, तर त्या बैठकीतल्या सगळ्यांची समजूत प्रामाणिकपणे चुकते.

यावर उपाय आहे आणि तो फार अवघडही नाही. मागच्या प्रत्येक आठवड्यात पहिल्या दिवशी किती नोंदी आल्या, सातव्या दिवशी किती झाल्या आणि एकविसाव्या दिवशी अंतिम आकडा किती ठरला, हे माहीत असेल तर विलंबाचे प्रमाण काढता येते आणि आजच्या अपुऱ्या आकड्यावरून खऱ्या आकड्याचा अंदाज बांधता येतो. यासाठी दोनच गोष्टी लागतात, एक म्हणजे नोंदीवरच्या तारखा आणि दुसरी म्हणजे दर आठवड्याची जशीच्या तशी जपलेली प्रत. आजची पद्धत नवा आकडा जुन्या आकड्यावर लिहिण्याची आहे. सुधारित आकडा अधिक बरोबर असतो यात शंका नाही; परंतु अंतिम आकडा आपल्याला अखेरीस काय झाले ते सांगतो, तर पुसला गेलेला जुना आकडा निर्णय घेताना आपल्यासमोर काय होते ते सांगतो, आणि अंदाज नेहमी या दुसऱ्या प्रकारच्या आकड्यावरूनच बांधावा लागतो.

तारखेविना आकडा किती दिशाभूल करतो याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. 16 जून 2020 रोजी राज्याने कोविडचे 1,328 जुने, आधी न मोजले गेलेले मृत्यू एकाच दिवशी यादीत घातले. त्यांपैकी 862 मुंबईतले आणि 466 उर्वरित महाराष्ट्रातले होते. ही दुरुस्ती करणे योग्यच होते, किंबहुना ती जाहीरपणे केली याचे श्रेय द्यायला हवे. पण मृत्यू कोणत्या दिवशी झाले ते सोबत न आल्यामुळे आलेखावर एक सुळका उभा राहिला, आणि त्या काळातला मृत्युदर काढू पाहणाऱ्याला तो सुळका अंदाजाने मागच्या दिवसांत वाटून द्यावा लागला. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता आणि लगतच्या गावांत गिया-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली तेव्हा महापालिका, नव्याने समाविष्ट गावे, पिंपरी-चिंचवड आणि ग्रामीण अशी विभागणी रोजच्या निवेदनात दिली जात होती, ही चांगली गोष्ट होती. मात्र शोधमोहीम सुरू झाली की आधीपासून रुग्णालयात असलेले रुग्णही सापडू लागतात, आणि एकूण आकडा रोज वाढतो. ही वाढ दूषित पाण्यामुळे आज आजारी पडणाऱ्यांची आहे की शोधमोहिमेच्या यशाची, हे लक्षणांच्या तारखेवाचून सांगता येत नाही. पाणी बंद करायचे की खाटा वाढवायच्या, हा निर्णय याच एका उत्तरावर अवलंबून असतो.

तारखांखालोखाल छेदाचा प्रश्न येतो. किती जण बाधित निघाले ते कळते, किती जणांची तपासणी झाली ते क्वचितच कळते. डेंग्यूच्या अधिकृत गणनेत प्रयोगशाळेत होणारी एलायझा पद्धतीची रक्तचाचणी धरली जाते, तर खासगी दवाखान्यांत बहुतेकदा झटपट चाचणी होते. तेव्हा एखाद्या तालुक्यात रुग्ण कमी दिसले तर तिथे डास कमी आहेत की एलायझाची सोय दूर आहे, हे ठरवता येत नाही. जुलै 2020 मध्ये मुंबईतल्या तीन विभागांत कोविडसाठी झालेल्या रक्तसर्वेक्षणात झोपडपट्ट्यांमधील सुमारे 57 टक्के आणि इतर वस्त्यांमधील सुमारे 16 टक्के लोकांत प्रतिपिंडे, म्हणजे संसर्ग होऊन गेल्याची रक्तातली खूण, सापडली होती. तोवर नोंदल्या गेलेल्या रुग्णसंख्येवरून असे काही आहे याचा सुगावाही लागला नसता. शिवाय लोकसंख्येसाठी आम्हाला अजूनही 2011 च्या जनगणनेचा आधार घ्यावा लागतो, पण तो विषय आपल्या खात्याचा नाही.

आकडे खुले केले तर घबराट पसरेल, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळची पातळी पावसाळ्यात तासातासाला जाहीर होते. 39 फुटांना इशारा आणि 43 फुटांना धोका हे कोल्हापुरातल्या शाळकरी मुलालाही पाठ असते, आणि त्या आकड्यामुळे लोक घाबरून सैरावैरा पळत नाहीत, तर जनावरे वर हलवतात आणि सामान माळ्यावर चढवतात. घबराट पसरते ती आकडा उशिरा येतो आणि तोवर भ्रमणध्वनीवरून दहा वेगळे आकडे फिरलेले असतात तेव्हा.

खासगीपणाचा आक्षेप याहून वजनदार आहे आणि मला तो मान्य आहे. एखाद्या गावात एकच रुग्ण असेल तर वय आणि लिंग एवढ्यावरूनही तो ओळखता येतो. म्हणून नाव, पत्ता, दूरध्वनी आणि गाव आम्हाला नकोच आहे. तालुका किंवा प्रभाग, वयोगट आणि तारखा पुरेत, आणि जिथे संख्या पाचाहून कमी असेल तिथे ती झाकावी किंवा शेजारच्या तालुक्यात मिळवावी. वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या 2023 च्या कायद्यानेही संशोधन आणि सांख्यिकीसाठी अटींसह वाट ठेवलेली आहे.

तिसरा आक्षेप आमच्यावरच आहे, की मॉडेले, म्हणजे अंदाज बांधणारी आमची गणिते, चुकतात. ती चुकतात. ऑक्टोबर 2020 मध्ये केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने नेमलेल्या समितीने, काळजी घेतली तर फेब्रुवारी 2021 पर्यंत साथ आटोपेल असे म्हटले होते. मे 2021 च्या पहिल्या आठवड्यात देशात दिवसाला चार लाखांहून अधिक नवे रुग्ण नोंदले जात होते. परंतु यावरून मॉडेलांना आकडे देऊ नयेत असे ठरत नाही; एकाच गटाच्या एकाच मॉडेलवर विसंबू नये, एवढेच ठरते. एप्रिल 2021 च्या अखेरीस शेकडो भारतीय शास्त्रज्ञांनी पंतप्रधानांना आवाहन करून तपासण्यांची तपशीलवार माहिती मागितली होती, ती याच कारणासाठी. अमेरिकेत 2013 पासून फ्लूच्या अंदाजांसाठी अनेक गट एकाच खुल्या माहितीवर आपापले अंदाज आधी जाहीर करतात आणि मोसम संपल्यावर कोण किती चुकले ते उघडपणे मोजले जाते. माझ्या अनुभवात बैठकीत ‘एकच आकडा सांगा’ असा आग्रह होतो आणि आम्ही दिलेली कमाल-किमान मर्यादा टिपणातून गळून जाते. अंदाज आधी प्रसिद्ध करण्याची शिस्त आली तर हा आग्रहही कमी होईल.

माहिती मिळाली की काय होते याचा दाखलाही जवळचाच आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी जानेवारी 2025 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुण्यातील डेंग्यूमृत्यूंचा तापमान, पाऊस आणि आर्द्रतेशी असलेला संबंध मांडून सुमारे दोन महिने आधी इशारा देता येईल असे दाखवले. हवामानाची आकडेवारी तर होतीच. हे साधले, कारण पुण्यातल्या आरोग्य यंत्रणेने मृत्यूंच्या नोंदी दिल्या. डासांच्या अळ्या नष्ट करण्यासाठी दोन महिने भरपूर असतात.

आपल्या यंत्रणेकडे हवी ती माहिती बहुतांशी आधीच आहे, हे आवर्जून सांगावेसे वाटते. एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम 2004 पासून चालू आहे आणि 2021 पासून त्याच्या नोंदी एकात्मिक आरोग्य माहिती मंचावर थेट भरल्या जातात. उपकेंद्रातली आरोग्यसेविका लक्षणांवरून संशयित रुग्णांचे ‘एस’ प्रपत्र भरते, वैद्यकीय अधिकारी निदान केलेल्या रुग्णांचे ‘पी’ आणि प्रयोगशाळा चाचणीच्या निकालांचे ‘एल’ प्रपत्र भरते. लसीकरण, प्रसूती आणि घरभेटी सांभाळून ही सेविका ते भरते, नेटवर्क नसेल तर रात्री घरी बसून भरते, आणि तिने भरलेल्या आकड्यांचे पुढे काय झाले ते तिला कधी कळत नाही. भरलेल्या नोंदींवरून निघालेला तालुक्याचा अंदाज दर आठवड्याला तिच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात परत पोहोचला, तर लक्षणांच्या तारखेचा रकाना कोरा सोडू नये असे तिला बजावण्याची गरज पडणार नाही, असे मला वाटते.

सगळ्या आजारांपासून एकदम सुरुवात करावी असे माझे म्हणणे नाही. डेंग्यू घ्यावा, पुढच्या जून महिन्यापासून दर सोमवारी दुपारपर्यंत तालुकानिहाय फाइल राज्य सर्वेक्षण कक्षाच्या संकेतस्थळावर टाकावी, फाइलच्या नावातच तारीख असावी, आणि त्यासाठी एका अधिकाऱ्याचे पद नेमून द्यावे, म्हणजे फाइल आली नाही तर कोणाला विचारायचे ते ठाऊक असेल. सोबत त्या आठवड्यात झालेल्या एलायझा चाचण्यांची संख्या द्यावी. गेल्या पाच वर्षांच्या नोंदी याच स्वरूपात एकदा मिळाल्या तर विलंबाचे गणित पावसाळ्याआधी तयार करता येईल, आणि ते तयार करणारा संगणक-संकेत (कोड) जिल्हा सर्वेक्षण अधिकाऱ्यांना विनामूल्य वापरता येईल असा खुला ठेवण्याची आमची तयारी आहे. ऑक्टोबरअखेर आमचे अंदाज आणि प्रत्यक्ष आकडे शेजारी शेजारी मांडून ते कुठे चुकले ते आपल्या विभागासमोर ठेवता येईल. त्यानंतर लेप्टोस्पायरोसिस आणि इन्फ्लुएन्झा यांचा विचार करावा की नाही, हे विभागाने ठरवावे.

आपली विश्वासू,
एक संशोधन सहायक, पुणे