सावळ्या चेहऱ्यांचे फोटो काढायला शिकवा

संपादक महोदय,

१९ ऑगस्टच्या जागतिक छायाचित्रण दिनानिमित्त ठिकठिकाणी कार्यशाळा भरतात, म्हणून हे पत्र.

कराडला माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नसराईत हाताखाली मुलं-मुली येतात, बहुतेकांनी क्लास केलेला असतो. लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरचे प्रीसेट, म्हणजे तयार सेटिंग्ज, ढिगाने जवळ असतात. चेहरा गुळगुळीत आणि गोरा करणं तर हातचा मळ. पण सावळी नवरी पांढऱ्या पडद्यापुढे उभी राहिली की ती गडबडतात.

कॅमेऱ्याचा मीटर समोरचं दृश्य मधल्या करड्या छटेचं धरून उजेड मोजतो. पांढरं जास्त दिसलं की उजेड कमी करतो आणि चेहरा काळवंडतो. वारीत पांढऱ्या कपड्यांतल्या वारकऱ्यांचंही हेच होतं. स्पॉट मीटरने, म्हणजे एका छोट्या जागेपुरत्या मापाने, चेहऱ्यावरचा उजेड मोजावा, नाहीतर एक्स्पोजर (कॅमेऱ्यात घेतला जाणारा उजेड) थोडं वर घ्यावं, पांढरं जळत नाही ना, म्हणजे त्यातले बारकावे पुसले जात नाहीत ना, हे हिस्टोग्रामवर (उजेड-अंधाराच्या आलेखावर) बघावं. हे सोडून मागाहून कॉम्प्युटरवर चेहरा उजळला की दाणे उठतात, कातडी राखेसारखी दिसते. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६च छटा असतात, १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या कच्च्या फाइलमध्ये, १६,३८४. दुरुस्तीला जागा रॉमध्येच मिळते. हळदीला सगळंच पिवळं असलं की ऑटो व्हाइट बॅलन्स (रंग आपोआप जुळवणारी कॅमेऱ्यातली सोय) चकतो, चेहरे निळसर पडतात. तिथे रंग जुळवायला आधी ग्रे कार्डचा, म्हणजे करड्या रंगाच्या कार्डाचा, एक फोटो घ्यायला हवा.

गेल्या हंगामात दोन बहिणींचा फोटो एडिट होऊन आला. एक गोरी, एक सावळी; फोटोत दोघींचा रंग एकच. मी तो पुन्हा करायला लावला, कारण त्या घरात तो पन्नास वर्षं राहणार आहे. फिल्मच्या काळात कोडॅकच्या ‘शर्ली कार्ड’वर गोऱ्या बाईचा फोटो असे आणि तिच्या कातडीवरून प्रिंटचे रंग जुळवत. आता स्लायडर आपल्या हातात आहे, तरी माप तेच का ठेवायचं?

क्लासचालकांना विनंती, की पहिले काही दिवस सॉफ्टवेअर उघडूच नका. एकच चेहरा खिडकीशी, भर उन्हात, ट्यूबलाइटखाली काढायला लावा. एडिटिंगला डार्कटेबल, गिम्प फुकट मिळतात. आणि आपल्या वृत्तपत्राने छायाचित्र स्पर्धा घेतली, तर एडिट केलेल्या फोटोसोबत मूळ फाइलही मागवावी, ही आपल्याला विनंती.

— एक स्टुडिओचालक, कराड