वंशावळ कुठं टाकायची, आई-बाबांना पत्र

प्रिय आई, बाबा,

नमस्कार. बाबा, तुम्ही फोनवर विचारलं होतं की दादा म्हणतो त्या मोबाईल अ‍ॅपमध्ये आपली वंशावळ टाकून द्यावी का, तर माझं म्हणणं आहे सध्या नका टाकू. रेंज सारखी जात होती म्हणून सगळं नीट सांगता आलं नाही, इथं लिहिते. दादाला वाईट वाटू देऊ नका, त्यानं मनापासूनच सुचवलं, आणि घरात कोणीतरी हा विषय काढला याचाच मला खूप आनंद झाला.

माहिती आत भरणं कुठंही सोपं असते, पण उद्या ते अ‍ॅप बंद झालं किंवा कंपनीनं दर वर्षाला पैसे मागितले तर आपलं सगळं बाहेर कसं काढायचं हे आधी पाहावं लागते. त्यासाठी जेडकॉम नावाची एक फाईल असते, एका सॉफ्टवेअरमधली वंशावळ दुसऱ्यात न्यायची ती ठरलेली पद्धत, अमेरिकेतल्या मॉर्मन चर्चनं 1984 मध्ये काढली, त्यांच्या धर्मात पूर्वज शोधणं हे मोठं काम मानतात म्हणून ते लोक यात एवढे पुढे आहेत. ज्यातून जेडकॉम निघत नाही ते कितीही छान दिसत असलं तरी घ्यायचं नाही, यावर मी ठाम आहे. आणि एक, जेडकॉममध्ये फोटो सोबत जात नाहीत, फोटो कॉम्प्युटरमध्ये कुठं ठेवलाय एवढंच जाते, फोटो वेगळे सांभाळायचे. 2021 मध्ये जेडकॉमची जी नवीन 7.0 आवृत्ती आली तिच्यात फोटोसकट गठ्ठा बांधायची सोय केली आहे, पण सगळ्या सॉफ्टवेअरनी ते अजून घेतलेलं नाही.

माझी पसंती ग्रॅम्प्स नावाच्या वंशावळीच्या सॉफ्टवेअरला आहे. फुकट आहे, 2001 पासून जगभरातले लोक मिळून बनवतात, विंडोजवर चालते, नेट लागत नाही, म्हणजे घरच्या जुन्या लॅपटॉपवर लाईन असली की झालं. मेनू मी इंग्रजीत ठेवते पण नावं, गावं, गोष्टी सगळं मराठीत टाईप होते. दिसायला साधं आहे, पहिल्यांदा उघडलं की कुठून सुरुवात करावी कळत नाही, ते खरं आहे. पण आपल्या घरासारखी घरं त्यात बसतात म्हणून मला ते आवडलं.

आता बघा, जात पडताळणीच्या वेळी तुम्ही स्टॅम्प पेपरवर वंशावळ दिली होती ना, त्यात खापरपणजोबापासून दादापर्यंत फक्त पुरुष आहेत. आजी नाही, आत्या नाही, मी नाही, आई तू पण नाहीस. त्या कामाला तेवढंच लागत होतं, पण ती काही आपल्या घराची पूर्ण वंशावळ झाली नाही. आजीचं माहेरचं नाव वेगळं, लग्नात ठेवलेलं वेगळं, आणि सगळे बोलायचे तिसऱ्याच नावानं. ग्रॅम्प्समध्ये एका माणसाला जन्माचं नाव, लग्नानंतरचं नाव, बोलायचं नाव अशी पाहिजे तेवढी नावं लावता येतात. चुलत आजोबा दत्तक गेले होते, त्यांना जन्माचे आई-बाप आणि दत्तक आई-बाप दोन्ही दाखवता येतात. मोठ्या आजीचा पाट लागला होता, तर दोन्ही घरं वेगवेगळी राहतात, कोणाचं लेकरू कोणत्या घरचं ते मिसळत नाही. आणि आपल्याकडं मामाची पोरगी करतात, एकच माणूस दोन दोन नात्यानं सोयरा लागतो, साध्या अ‍ॅपमध्ये तिथं गोंधळ होतो आणि एकाच माणसाचे दोन माणसं होऊन बसतात.

गावाचंच घ्या. आपला मंगरूळपीर तालुका 1905 पर्यंत वाशीम जिल्ह्यात होता, मग तो जिल्हाच मोडला आणि आपण अकोल्यात गेलो, आणि 1 जुलै 1998 ला परत वाशीम जिल्हा झाला. वरचं राज्य तर किती बदललं, 1903 मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला, स्वातंत्र्यानंतर आपण मध्य प्रदेशात, 1956 ला मुंबई राज्यात आणि 1960 पासून महाराष्ट्रात. बाबा तुमच्या दाखल्यावर आणि आबाजींच्या कागदावर जिल्हा वेगळा दिसते तो म्हून. गाव हललंच नाही, वावरं तिथंच आहेत. ग्रॅम्प्समध्ये एकच गाव ठेवून ते कोणत्या वर्षी कोणत्या जिल्ह्यात होतं हे तारखेसकट लिहिता येते, नाहीतर पुढच्या पोरांना वाटेल की ही वेगवेगळी गावं होती.

तारखांचं पण तसंच. आबाजींची शाळेतली जन्मतारीख 1 जुलै आहे, तेव्हा अर्ध्या वर्गाची गुरुजी तीच लिहून टाकायचे, आणि आजी सांगायची गांधीबाबा गेले त्या साली मी दहा-बारा वर्षांची होते. म्हणजे आजीचा जन्म अंदाजे 1936 ते 1938. सॉफ्टवेअर असं पाहिजे की ज्यात अंदाजे, याच्या आधी, याच्या नंतर असं लिहिता येते, जबरदस्तीनं पक्की तारीख मागणारं नको, कारण मग माणूस काहीतरी टाकून मोकळा होतो आणि पुढं तेच खरं धरलं जाते. आणि प्रत्येक माहितीसोबत ती कुठून मिळाली हे लिहायचंच. कोतवाल बुकाची म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीची नक्कल, शाळेचं दाखल खारीज, फेरफार, किंवा नुसतं आईनं सांगितलं असं पण चालते. दोन ठिकाणी दोन गोष्टी असल्या तर दोन्ही ठेवायच्या, कोणावर किती विश्वास ते बाजूला लिहिता येते. मला वाटते सगळ्यात जास्त मोलाचं हेच आहे, कारण मी चूक लिहिलं असंल तर माझ्यानंतरच्या माणसाला ती धरता येईल.

फॅमिलीसर्च नावाची साईट पण फुकट आहे आणि चांगली आहे, हरिद्वारच्या पंड्यांच्या म्हणजे तिथल्या पुरोहितांच्या वंशावळीच्या वह्यांचे फोटो काढून ठेवलेत त्यांनी. पण तिथं सगळ्या जगाचं मिळून एकच झाड आहे, वारलेल्या माणसाची माहिती कोणीही बदलू शकते. शोधायला तिथं जाऊ, ठेवायला घरी. आणि जिवंत माणसांच्या जन्मतारखा, आईचं माहेरचं आडनाव हे नेटवर टाकायचं नाही, बँकवाले हेच विचारतात. सोयऱ्यांना वंशावळ पाठवायची असंल तेव्हा ग्रॅम्प्समधून जिवंत माणसं वगळून फाईल काढता येते.

आता तुमचं काम. सॉफ्टवेअर मी शिकून घेईन, त्याची काळजी नका करू, पण जे तुमच्या डोक्यात आहे ते कोणत्याच साईटवर मिळत नाही. बाबा, रात्री जेवण झालं की मोबाईलचा रेकॉर्डर लावून भाऊबंदांबद्दल बोलत जा, कोणाचं वावर कोणाकडून आलं, कोण कुठून येऊन इथं वसलं, मागचं पुढं झालं तरी चालते. आई, तू तुझ्या माहेरचं सांग, मामाला पण फोन करून विचार, कारण तुझ्या आजीचं नाव आज घरात कोणालाच येत नाही आणि मामा आता थकला. तो आवाज मी त्या त्या माणसाच्या पानाला जोडून ठेवणार आहे, लिहिलेलं तर राहीलच पण तुमचं बोलणं पण राहिलं पाहिजे.

पेटीतले मोडीतले कागद आहेत त्यांना लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी तर लावूच नका, कागद त्यानंच खराब होतो. दारात उजेडात ठेवून फोटो काढा, मागची बाजू पण काढा, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवजा, साधा फोटो बारीक होऊन येते आणि मोडी वाचणाऱ्याला काहीच दिसत नाही. नाशिकला आबाजींच्या अस्थी नेल्या तेव्हा तिथल्या गुरुजींनी वहीत नावं लिहून घेतली होती ना, त्यांचं आडनाव आठवते का बघा. त्यांच्याकडं आपल्या घरचे आधी कोण कोण येऊन गेले त्यांच्या नोंदी असतात, आपल्याला पणजोबाच्या वरचं नाव मिळालं तर तिथंच मिळंल.

दादाला सांगजा की त्यानं अ‍ॅपमध्ये जेवढं भरलं तेवढ्याची जेडकॉम निघते का ते सेटिंगमध्ये पाहावं, निघाली तर मला मेल करावी, त्याची मेहनत वाया नाही जाणार. पोळ्याला येते तेव्हा लॅपटॉपवर सगळं टाकून देते, एक कॉपी पेनड्राईव्हवर, एक दादाकडं, एक माझ्याकडं. तोवर मामाला फोन तेवढा लवकर करा.

तुमची लेक
मनू