ड्रॉवरमधल्या गोळ्या मी घेऊन आलेय

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, आधी कबूल करते. तुमच्या ड्रॉवरमधल्या अँटिबायोटिकच्या उरलेल्या पट्ट्या मी निघताना पर्समध्ये टाकून आणल्या. विचारलं असतं तर तुम्ही दिल्या नसत्यात. निघाल्यापासून मनाला चुटपुट लागली आहे, पण परत देणार नाही. बीपीच्या गोळ्यांना हात लावलेला नाही. चष्म्याच्या डबीशेजारी होत्या तिथेच आहेत.

सर्दी झाली म्हणून तुम्ही या गोळ्या घेतल्यात, पण ती सर्दी विषाणूंची होती, आणि त्यांच्यावर या चालतच नाहीत. मेले ते आतड्यातले चांगले जिवाणू. आतड्याचं अस्तर म्हणजे पेशींचा एकच थर, दर ३ ते ५ दिवसांनी नवा होणारा. आपल्याला न पचणारा चोथा हे जिवाणू आंबवतात, त्यातून ब्युटिरेट नावाचं एक द्रव्य तयार होतं, आणि मोठ्या आतड्याच्या अस्तराचं मुख्य अन्न तेच. अस्तराच्या लगेच खाली प्रतिकारपेशींचा मोठा तळ असतो. ब्युटिरेट त्यांनाही आवरून धरतं, उगाच दाह होऊ देत नाही. जिवाणू घटले की अस्तराची उपासमार होते, आणि मोकळ्या जागेत क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसिलसारखे जुलाब करणारे जंतू वाढू शकतात. पासष्टीनंतर त्याचा धोका जास्त. गोळ्यांनंतर तुमचं पोट आठवडाभर बिघडलं होतं, ते मला किती उशिरा सांगितलंत!

आई, बाबांच्या दातांसाठी तू सगळं सोलून, गाळून देतेस. तुझ्या त्याच मायेवर मी वाढले. पण त्यात चोथाच निघून जातो गं. मऊ शिजव, गाळू नकोस. एकदम नको, थोडं थोडं वाढव, आणि दोघंही पाणी नीट प्या.

मला ताप आला की बाबा, तुम्ही रात्रभर कपाळावर हात ठेवून बसायचात. ‘उतरेल गं, वाट बघू’ म्हणायचात. साध्या सर्दीत तेवढा धीर आता स्वतःसाठी धरा.

डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध मात्र सांगतील तसं, सांगतील तितके दिवस घ्यायचं. दिवसात तीनदा जुलाब झाले किंवा रक्त दिसलं, तर जुलाब थांबवायची गोळी स्वतःच्या मनाने घ्यायची नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, मग मला. रात्रीचे दोन वाजले असले तरी.

रविवारी फोन करते. रागवायचं असेल तर तेव्हा रागवा, बाबा.

तुमची,
चिमी