व्यवसाय : खो-खो

आदरणीय डॉक्टरसाहेब,
स. न. वि. वि.

तुम्ही पेढे घेत नाही असं तुमच्या सिस्टरनी सांगितलं, म्हणून हे पत्र. मी नारायण पेठेत पुस्तकबांधणीचं काम करतो. दुसऱ्यांनी लिहिलेल्याला पुठ्ठे लावण्यात तीस वर्षं गेली, स्वतः लिहायची सवय नाही. सांभाळून घ्या.

तुमच्याकडे आलो ते चार महिने उशिरा. ऑगस्ट 2024 मध्ये सरावात हुलकावणी देताना पोरीचा पाय जमिनीत रुतला, अंग वळलं आणि गुडघा जागीच राहिला. कुणाचा धक्का नाही की काही नाही. कट् असा आवाज मात्र तिला स्वतःला ऐकू आला. पहिल्या दवाखान्यात एक्स-रे काढला. ‘हाड शाबूत आहे’ म्हणाले, क्रेप बँडेज बांधलं, तीन आठवडे आराम सांगितला. एक्स-रेत लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारी दोरी, दिसतच नाही हे मला तुमच्याकडे कळलं. मी बाइंडर, मला माहीत नसणं समजू शकतो. त्यांनाही माहीत नव्हतं?

दुसरे मोठे नावाजलेले. त्यांनी मुलीकडे बघितलंच नाही, माझ्याशी बोलले. ‘खो-खोच ना? शाळेतला खेळ तो. सोडून द्या. उद्या लग्न करायचंय, गुडघ्यावर टाके कशाला?’ सतरा वर्षांची पोर शेजारी बसलेली होती. ज्या पुण्यात 1914 मध्ये डेक्कन जिमखान्यानं या खेळाचे नियम बांधले, त्याच पुण्यात हे ऐकलं. मी गप्प बसलो, त्याची लाज अजून वाटते. आणि माझंही सांगून टाकतो : तिसऱ्या खेपेला तिला तेल लावून गुडघा ओढणाऱ्याकडे मीच नेलं होतं.

जिना उतरताना गुडघा निसटायचा. तिचे सर म्हणायचे, मनातली भीती आहे. प्रत्येक निसटण्यासरशी आतली गादी झिजत होती, तिला चीर गेली होती, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा आवाज चढवला नाहीत. चढवायला हवा होता, मला तेवढं लागलं असतं तर बरं झालं असतं.

तुम्ही आधी तिचा चांगला गुडघा हातात घेतला. मला वाटलं चुकून. मग दुखरा घेतलात, मांडी एका हातात, नडगी दुसऱ्या हातात, जरासं पुढं ओढलंत, आणि लिगामेंट तुटलंय हे एमआरआय व्हायच्या आधीच तुमच्या चेहऱ्यावरून मला कळलं. कागदाची जाडी आम्हीही बोटांनीच ओळखतो, त्यामुळं ते हात मला पटले.

पण खरी गोष्ट त्याच्यानंतरची. केसपेपर तुम्ही स्वतः भरत होता. ‘व्यवसाय’ या रकान्याशी थांबलात. आधीच्या दवाखान्यांत तिथं एकदा ‘विद्यार्थिनी’ लिहिलं होतं, एकदा तर नुसती आडवी रेघ. तुम्ही तिलाच विचारलंत, ‘काय खेळतेस?’ ती म्हणाली, खो-खो. ‘संरक्षण की आक्रमण?’ तिनं मान वर केली. ‘संरक्षण. पण खांबावर सूर पण मारते.’ तुम्ही लिहिलंत, ‘खो-खो, संरक्षक.’ आणि खाली अजून एक ओळ, ‘उजवीकडे वळताना दुखापत.’ बस. चार महिन्यांत पहिल्यांदा तिला कुणी तिचा खेळ विचारला होता. बाहेर येऊन ती रडली. त्याआधी एकदाही रडली नव्हती.

ऑपरेशनचं काय लिहू? दुर्बिणीतून झालं, मांडीमागची दोरी काढून गुडघ्यात बसवलीत, गादी शिवलीत, एवढंच मला समजलं. तुमच्या भिंतीवरची सर्टिफिकेटं मी बाहेर बसून मोजली. साडेपाच वर्षं एमबीबीएस, तीन वर्षं एमएस, वर खेळाडूंच्या दुखापतींची फेलोशिप. एवढं शिकून माणूस सांधे बदलायच्या मोठ्या कामांकडं जातो असं आमच्या गल्लीतले शहाणे म्हणतात. तुम्ही रविवारी मैदानाच्या कडेला बर्फाचा डबा घेऊन उभे असता, हे तुमच्या कंपाउंडरनी सांगितलं. तिथं तुम्हाला कोण फी देतं, हे विचारायचं राहिलं.

19 जानेवारी 2025 ला पहिल्या खो-खो विश्वचषकाची फायनल आम्ही घरी बघितली. तिचा पाय उशीवर, ब्रेसमध्ये. प्रियंका इंगळेच्या भारतीय महिला संघानं नेपाळला 78-40 असं हरवलं तेव्हा ती ओरडली आणि ब्रेससकट उठायला गेली. तिच्या आईनं तिला दाबून बसवलं. त्या दिवशी घरात सगळे रडत होते, नेमकं कशासाठी ते कुणी विचारलं नाही.

‘नऊ महिने मैदान नाही’ हे तुमचं वाक्य तिला पटायला वेळ लागला, मला लागला नाही. बसवलेली दोरी आधी कमजोर होते, मग हळूहळू जीव धरते, असं तुम्ही समजावलंत. आमच्याकडे ओल्या खळीचं पुस्तक वजनाखालून लवकर काढलं तर पाठ सुटते. गिऱ्हाईक कितीही घाई करो, उघडू द्यायचं नाही.

तरी गेल्या पंधरवड्यात तुम्ही निवड चाचणीला नाही म्हणालात तेव्हा घरात वादळ झालं. एका पायावरची उडी चांगल्या पायाच्या 90 टक्के तरी हवी, तिची 82 भरली. तेव्हापासून ती तुमच्यावर रुसली आहे. पुढच्या तपासणीला येईल, पण बोलेलच असं नाही, आधीच सांगून ठेवतो.

काल रात्री दहानंतर वरच्या खोलीतून धप् धप् आवाज येत होता. एका पायावर उड्या. खालच्या मजल्यावरच्या काकू तक्रार घेऊन आल्या, हे कुणी सांगितलं म्हणून विचारत होत्या. त्यांना तुमचा नंबर दिला नाही, एवढं माझ्याकडून.

आपला,
एक बाइंडर, नारायण पेठ