कार्ड आलं, काळजी करू नका

शिकागो

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

मी मजेत आहे. ऑफिस, डबा, थंडी हे सगळं तुम्हाला ठाऊकच आहे, त्यामुळे तेच पुन्हा लिहीत नाही. परवा फोनवर आवाज तुटत होता आणि आई रडवेली झाली, म्हणून ओळखपत्राचं सगळं सविस्तर लिहिते.

बाबा, आधी मनातून एक गोष्ट काढून टाका. इलिनॉय राज्याचं कार्ड घेतलं म्हणून मी इथली झाले नाही. नागरिकत्वाशी त्याचा काडीचा संबंध नाही. माझी राहायची परवानगी संपते, त्याच तारखेला कार्डही संपतं. मतदार यादीत नाव घालायचं का असं तिथे विचारतात, तेव्हा मी भारतीय नागरिक आहे, नाव घालू नका, असं स्पष्ट सांगितलं.

आता गाडी न चालवणारी मुलगी लायसन्सच्या ऑफिसात का गेली, ते सांगते. आपल्या आधारसारखं देशभराचं एक ओळखपत्र इथे नाहीच. प्रत्येक राज्य आपापलं देतं, आणि बहुतेक सगळे गाडी चालवतात म्हणून लायसन्स हेच सगळ्यांचं ओळखपत्र होऊन बसलंय. कुठेही गेलं की आधी लायसन्सच मागतात. ज्यांच्याकडे ते नाही त्यांच्यासाठी तसंच दिसणारं कार्ड असतं, फक्त त्यावर गाडी चालवता येत नाही. देणारं ऑफिस एकच, म्हणून रांगही एकच. आई, तुला खरं वाटणार नाही, पण सर्दीच्या काही गोळ्यासुद्धा कार्ड दाखवल्याशिवाय मिळत नाहीत. त्यातल्या स्यूडोएफेड्रिनपासून लोक नशेचा माल बनवायचे, म्हणून २००६ पासून त्या काउंटरच्या मागे ठेवतात आणि नाव लिहून घेऊन, सही घेऊनच देतात. नाक चोंदलेलं असताना पासपोर्ट घेऊन दुकानात जायचं मला नको वाटायचं.

कागद आपल्याकडच्यासारखेच लागतात. पासपोर्ट, आय-९४ (म्हणजे अमेरिकेत आल्याची आणि किती दिवस राहता येईल याची सरकारी नोंद), सोशल सिक्युरिटी कार्ड (नोकरी आणि करासाठीचा इथला सरकारी नंबर), आणि पत्त्यासाठी बँकेचं स्टेटमेंट व भाडेकरार. फी २० डॉलर. कार्ड हातात देत नाहीत, पोस्टाने घरी येतं. त्यावर उंची, वजन, डोळ्यांचा रंगसुद्धा छापतात. अवयवदान करणार का, हेही विचारलं. मी हो म्हटलं. आई, यात अशुभ काही नाही गं.

आता पासपोर्ट घरी कपाटात कुलपात असतो आणि आय-९४ ची प्रत पर्समध्ये. हरवण्याची भीती गेली, बाबा. विमानाला पासपोर्ट चालतोच.

आणि गाडी घेतली नाही म्हणजे ओढाताण चालली आहे असं आत्याला वाटू देऊ नका. इथे एल गाड्या, म्हणजे शहरातल्या मेट्रो, आहेत, रेड आणि ब्लू लाइन तर रात्रभर चालतात. मला लागते कशाला गाडी? विमा आणि पार्किंगमध्ये जाणारे पैसे घरी यावेत, एवढंच मला वाटतं.

ताईच्या साखरपुड्याचं मात्र लिहायला हात धजत नाही. मला येता येणार नाही. एकदा बाहेर पडले की परत येताना व्हिसाचा शिक्का नव्याने घ्यावा लागेल, आणि मुंबईत वेळेवर तारीख मिळाली नाही तर नोकरी जाईल. ताईला मी स्वतः सांगते, तुम्ही सांगू नका. तिची साडी मीच घेणार, ती तिच्या आवडीची असू दे, किंमत बघू नका.

सांगलीच्या स्थळाला अजून नाही म्हणू नका, पण होही म्हणू नका. मला त्याच्याशी एकदा मोकळेपणाने बोलू द्या.

कर्जाचा हप्ता भरला आहे. हॉलचे पैसे शुक्रवारी पाठवते. बाबा, तेवढ्यासाठी एफडी मोडू नका.

तुमची,
मनू