आबांच्या बाकाचं लाकूड

ह्यूस्टन,
शनिवार, रात्री अकरा

प्रिय बंड्या,

आठ महिने झाले. तू तीनदा फोन केलास, मी एकदाही उलटा केला नाही. नोकरीचं कारण तुझ्यापुढे टिकणार नाही. मला राग आला होता, म्हणून केला नाही. ‘आबांच्या बाकाचं लाकूड तू पिस्तुलाला लावणार?’ एवढं बोलून तू फोन ठेवलास, ते मनात राहिलं. आज जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला कळणार नाही, म्हणून लिहायला बसलोय. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, ‘दुसरा स्क्रू लाव.’

माझी तब्येत ठीक. शुगर गोळीवर आहे.

बंड्या, आटे गेले. माझ्या हातून.

सगळं नीट सांगतो. पिस्तूल 1911 मॉडेलचं आहे, हे तुला माहीत आहे. ब्राउनिंगचं डिझाइन, 1911 साली अमेरिकन लष्करानं घेतलं आणि 1985 पर्यंत तेच त्यांचं मुख्य पिस्तूल होतं. मुठीला दोन बाजूंना दोन पट्ट्या. प्रत्येक पट्टीला दोन स्क्रू, पण ते थेट फ्रेममध्ये जात नाहीत. फ्रेममध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या सांगाड्यात, आधी चार छोटे बुश, आतून-बाहेरून आटे असलेल्या पोकळ नळ्या, आट्यांवर बसवलेले असतात आणि स्क्रू त्या बुशांत जातात. पट्ट्या कितीही वेळा काढा-घाला, फ्रेमचे आटे झिजू नयेत म्हणून ही सोय. आबांना हे फार आवडलं असतं. ‘झिजायचं ते स्वस्त आणि बदलता येणारं असावं’ हे त्यांचंच वाक्य ना?

माझ्या पिस्तुलाला आधी रबराच्या पट्ट्या होत्या. इथल्या उन्हाळ्यात तळहात ओले असतात आणि बुल्सआय, म्हणजे आमची नेमबाजी, एका हातानं मारायचं असतं, पन्नास यार्डांवर. रबर ओल्या हाताला चिकटतं. पकड किंचित चुकली की पुन्हा सोडून धरावं लागतं. लाकूड हातात सरकून आपली जागा घेतं. म्हणून लाकडाच्या करायच्या हे ठरलं होतं, आणि तेव्हाच तू पाठवलेला आबांच्या कामाच्या बाकाचा तो तुकडा आला.

तो घरात ठेवण्यासारखा होता, फोटोशेजारी. मी ठेवलाही होता. पण बंड्या, चाळीस वर्षं ज्याच्यावर व्हाइस बसवलेला होता, ते सागवान हार घालून भिंतीला लावायचं? मला ते हाताखाली हवं होतं. तुझं म्हणणं की आबांनी जन्मभर शेतकऱ्यांच्या ऑइल इंजिनांचे सुटे भाग केले, हत्याराला कधी हात लावला नाही. खरं आहे. ते मला खोडता येत नाही. मी एवढंच सांगतो की हे पिस्तूल कागदाला भोकं पाडतं आणि एरवी तिजोरीत असतं. आठवड्यात दोन तास मी जगातली कुठली वस्तू सगळ्यात जपून धरत असेन तर ही.

लाकूड कापताना काय वास आला सांगू? करवतीच्या पहिल्या फेरीत मशीन ऑइलचा वास. आत, पार गाभ्यापर्यंत तेल मुरलेलं. मी गॅरेजमध्ये उभाच राहिलो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात संध्याकाळी शटर ओढतानाचा वास, तोच. त्या तेलामुळे पॉलिश धरेना. ॲसिटोननं चारदा पुसून घेतलं तेव्हा कुठं बसलं. सागवानानं पाती बोथट केली ते वेगळंच. डावी पट्टी करायला तीन रविवार गेले, कारण तिला आतून खाच लागते. सेफ्टीची खिट्टी जिच्या स्प्रिंगवर चालते ती प्लंजर ट्यूब तिथं बसते आणि पट्टी तिला बाहेरून आधार देते. खाच सैल झाली तर तो आधार जातो. मग ट्यूब ढिली होऊन सेफ्टी अडकू शकते. दोन भोकांमधलं अंतर 78 मिलीमीटर, तिथं अर्ध्या मिलीमीटरचीही माफी नाही. पहिली जोडी मी टाकून दिली. दुसरी जमली. तू बघितलं असतंस तर कानशीच्या कामाला नावं ठेवली असतीस, पण बसवणीला नाही.

आणि मग आज सकाळी.

मॅगझिन काढलं, स्लाइड मागं ओढून चेंबर डोळ्यानं आणि बोटानं दोनदा पाहिलं. जुन्या पट्ट्या काढायला घेतल्या. तीन स्क्रू निघाले. चौथा, उजवीकडचा खालचा, घामानं गंजलेला. त्याच्या खाचेला बरोबर बसणारा स्क्रूड्रायव्हर वरच्या कप्प्यात होता. मी हाताशी होता तो घेतला आणि जोर लावला. स्क्रू फिरला, पण एकटा नाही. बुशसकट बाहेर आला.

इथवरही ठीक होतं. हे होतं अनेकांचं. दोघं वेगळे करायचे, फ्रेम साफ करायची, बुश पुन्हा हातानं बसवायचा, आटे सुकवून निळं लॉकटाइट, ते आटे धरून ठेवणारं चिकट द्रव, लावायचं. फक्त बुशाला, स्क्रूला लावायचं नाही, नाहीतर पुढच्या वेळी हेच. मला सगळं माहीत होतं. पण पट्ट्या तयार होत्या, मला त्या बसलेल्या बघायच्या होत्या. बुश तोंडाशी लावला आणि थेट ड्रायव्हर चालवला. इंचाला साठ आटे, बंड्या. केसाएवढे. अर्ध्या फेऱ्यात जड लागलं आणि मी थांबलो नाही. ‘जड लागलं तर तो आटा नाही, तो तुझा हट्ट आहे.’ किती वेळा ऐकलंय आपण दोघांनी! बुश तिरका गेला आणि फ्रेमचे आटे घेऊन बाहेर आला. तळहातावर बारीक चकचकीत कीस पडला होता. मी तो अजून फेकलेला नाही.

उपाय आहे. जाड आट्यांचे बुश खास यासाठीच विकत मिळतात. फ्रेममध्ये त्या मापाचा टॅप फिरवून नवे आटे पाडायचे आणि बुश बसवायचा. आत मॅगझिनच्या वाटेत येणार नाही इतपत कानसायचा, बस्स. तू लगेच म्हणशील ‘मी करून पाठवतो’, तर नको. बंदुकीचा भाग तिकडून इकडे, कायद्याची नसती भानगड. बुश आणि टॅप इथंच मागवलेत, बुधवारी येतील. बंदूक-मिस्त्रीकडंही देता येईल, अर्ध्या तासाचं काम आहे.

पण मला ते स्वतः करायचं आहे, आणि भीती वाटते. टॅप आत मोडला तर फ्रेम गेली. टॅप म्हटलं की मला एकच टॅप आठवतो, तुलाही तोच आठवला असणार. अकरावीची दिवाळीची सुट्टी, आबांचा तो जुना विलायती टॅप, आणि हँडलच्या एका टोकाला तू, दुसऱ्याला मी. थप्पड तू खाल्लीस. तीस वर्षं आपण भांडतोय की तिरका दाब कुणाचा होता. रंकाळ्यावर भांडलो, तुझ्या लग्नात वाजंत्री चालू असताना भांडलो, वहिनींनी ‘कसला टॅप?’ म्हणून विचारलं तेव्हा दोघंही गप्प झालो. बंड्या, माझा होता. तुझ्या आधी मला कळलं होतं की जड जातंय. मी बोललो नाही, उलट रेटलं. आबांना मी हे कधीच सांगितलं नाही आणि आता सांगता येत नाही, म्हणून तुला सांगतोय. आज सकाळी हातानं नेमकं तेच केलं.

डाव्या बाजूची पट्टी मात्र मी बसवली. स्क्रूखाली रबराची बारीक रिंग घातली, बोटानं घट्ट केलं, पुढं पाव फेरा. जास्त पिळलं तर लाकूड चिरतं. छान दिसते. बाकावर व्हाइसच्या बोल्टाचा जो काळा डाग होता, तो बरोबर अंगठ्याखाली आलाय. मी तसा धरून कापला होता. फोटो पाठवणार नाही, तू बघायला मागितलास तरच.

तुझं कसं चाललंय? नवीन सीएनसी लागली म्हणे, हप्ता जमतोय का? काकूंचा दुसरा डोळा झाला का? पोराची बारावी आहे यंदा, त्याला दोन महिने शॉपमध्ये बसवू नकोस. डिसेंबरमध्ये येतोय, पंधरा दिवस. आबांच्या वेळी आलो नाही ते समोर बसून बोलू.

आता कामाचं. बुधवारच्या आत फोन कर, मी उचलेन. टॅप फिरवताना आबा अर्धा फेरा पुढं, पाव मागं घ्यायचे, की पाव पुढं आणि पाव मागं? आणि पोलादाला खोबरेल घालायचे ना? रॉकेल ॲल्युमिनियमला होतं, एवढं मला आठवतं.

तुझा,
दिल्या

ता. क. तो तुकडा पूर्ण संपलेला नाही. बोटभर उरलाय. तुझ्या कानशीला मूठ होईल.