जुन्या संगणकास निवृत्ती देण्याबाबत

पुणे,
दि. १८ जानेवारी २०२६

तीर्थरूप बाबा आणि तीर्थरूप आई यांस शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

हे फोनवर सांगता आले असते. परंतु फोनवर बाबा "नको" म्हणतात आणि तेवढ्यावर विषय संपतो, म्हणून लिहून कळवते आहे. समोरच्या खोलीतील संगणक आता बंद करावा आणि त्याच्या जागी नवा लॅपटॉप आणावा, असे आम्ही तिघा भावंडांनी ठरविले आहे. ठरविले आहे म्हणण्यापेक्षा, तो घेऊन झाला आहे. पुढच्या रविवारी दादा वर्ध्याहून गाडीत घालून आणेल. तुम्हाला न विचारता हे केले याचे तुम्हाला वाईट वाटेल हे मी जाणून आहे, पण विचारले असते तर फ्रिजच्या वेळी झाले तेच पुन्हा झाले असते, हे तुम्हीही मनातल्या मनात कबूल कराल.

मार्गशीर्षात बाबांनी सीपीयू पोत्यात गुंडाळून पहाटेच्या एसटीने वर्ध्याला नेला, हे मला काकाजींकडून कळले. डोळ्याच्या ऑपरेशनला तेव्हा महिनाही झाला नव्हता आणि वजन उचलू नये असे सेवाग्रामच्या डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद मी स्वतः देव्हाऱ्याशेजारच्या भिंतीवर चिकटवून आले होते. आई, तू तरी त्यांना अडवायचे होतेस. असो. ते कळले त्या रात्रीपासून हा विषय माझ्या डोक्यातून गेला नाही आणि त्याचाच हा परिणाम आहे.

बाबा, तुमचा पहिला प्रश्न मला ठाऊक आहे : चालत्या वस्तूला घराबाहेर का काढायचे? संगणक अजून चालतो, हे खरे आहे. तो मधेच आपोआप बंद पडतो याचे खापर तुम्ही विजेच्या दाबावर फोडता. पण दिवाळीत मी त्याचे झाकण उघडले तेव्हा प्रोसेसरवरच्या पंख्याखाली, ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांच्या मध्ये, कापसाचे तंतू आणि धूळ यांचा बोटभर जाड करडा थर बसलेला होता आणि चिमटीत धरून ओढल्यावर तो अख्खाच्या अख्खा सुटून आला. भाव वाढेल म्हणून दरवर्षी त्याच खोलीत छतापर्यंत कापूस भरायचा आणि त्याच्या शेजारी हवा ओढणारा पंखा चालवायचा, म्हणजे दुसरे काय होणार! वाट तुंबली की उष्णता बाहेर पडत नाही आणि प्रोसेसर जळू नये म्हणून यंत्र स्वतःच बंद होते. तेव्हा नुसती साफसफाई ठेवली तरी हे यंत्र आणखी दोन-तीन वर्षे ओढेल, हे मला मान्य आहे.

अडचण निराळीच आहे. त्या संगणकात विंडोज १० आहे आणि त्याच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या देणे कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबविले आहे. विंडोज ११ त्यावर रीतसर चढत नाही, कारण त्यासाठी इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची व्यवस्था लागते; आपला प्रोसेसर २०१३ साली घेतलेला, तिसऱ्या पिढीचा आहे. ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढ मिळण्याची सोय आहे, हे तुम्ही वर्तमानपत्रात वाचले असेल आणि मला ऐकवालही. परंतु ज्या यंत्रावर तुम्ही निवृत्तिवेतनाचे खाते पाहता, सातबारा काढता आणि सोसायटीचे कागद भरता, ते एकेका वर्षाच्या मुदतीवर ठेवणे मला पटत नाही. केवळ वंशावळ लिहिण्यापुरतेच ते यंत्र असते, तर मी एक अक्षर बोलले नसते.

दुसरा प्रश्न, पाडव्यापर्यंत का थांबलो नाही. सणाला सवलती असतात हे खरे, पण गेल्या काही महिन्यांपासून रॅमच्या, म्हणजे संगणकातील मेमरीच्या, किमती जगभर चढत आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी जी मोठमोठी संगणक-केंद्रे उभी राहत आहेत ती मेमरीच्या चिपा प्रचंड प्रमाणात उचलतात आणि कारखान्यांचा कलही तिकडेच झुकला आहे, त्यामुळे पाडव्याची सवलत वाढलेल्या किमतीतच जिरून जाईल असा माझा अंदाज आहे. जीएसटीचेही सांगून ठेवते. २२ सप्टेंबरला दर उतरले ते मोठ्या टीव्हीसारख्या वस्तूंचे, २८ टक्क्यांवरून १८ वर. लॅपटॉप आधीही १८ टक्क्यांतच होता आणि आजही आहे. आणि हप्त्यावर घेतलेला नाही, हे स्पष्ट लिहिते, म्हणजे तुम्हाला रात्री झोप लागेल. "बिनव्याजी हप्ता" या पाटीखाली बहुधा रोखीची सवलत काढून घेतलेली असते आणि वर प्रक्रिया शुल्क लावलेले असते, हे तुम्ही आम्हाला मिक्सरच्या वेळीच हिशेब मांडून दाखविले होते.

ऑनलाइन घेतला असता तर थोडा स्वस्त पडला असता. येथे तपकीर गल्लीतही चौकशी केली. तरीही वर्ध्याच्याच दुकानातून घेतला, कारण घरी येऊन दुरुस्ती करण्याचे आश्वासन आपल्या पिनकोडपर्यंत कितपत पोहोचते याची मला खात्री वाटत नव्हती आणि अडीअडचणीला दादा तासाभरात ज्या दुकानाच्या पायरीवर उभा राहू शकतो त्या दुकानाला दोन पैसे जास्त देण्यात मला काही गैर दिसत नाही. दादाने खोके दुकानातच उघडायला लावले. खोक्यावरचा अनुक्रमांक, यंत्राच्या तळाचा अनुक्रमांक आणि बिलावरचा अनुक्रमांक असे तिन्ही जुळवून पाहिले. पडदा एकदा संपूर्ण पांढरा व एकदा संपूर्ण काळा करून त्यावर मेलेला ठिपका नाही याची खात्री केली आणि चार्जरवर भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक आहे हेही बघितले. बिल बाबांच्या नावावर आहे. पहिल्या संगणकाच्या वेळी नागपूरला बर्डीवरच्या एका दुकानदाराने कच्च्या चिठ्ठीवर आपली बोळवण केली होती. तसे या वेळी काही झालेले नाही.

आता तुमच्या सोयीचे. यंत्र लॅपटॉप आहे म्हणून घाबरू नका, त्याच्यावर वाकून बसायचे नाही. त्याला २४ इंची वेगळा पडदा आणि तुमच्या सवयीचा मोठा कीबोर्ड जोडून मिळेल, त्यामुळे मान खाली न घालता आणि नव्या चष्म्यातून सरळ समोर बघून लिहिता येईल. वीज गेली तर मोठा पडदा बंद होईल, पण लॅपटॉप त्याच्या बॅटरीवर चालू राहील आणि लिहिलेली ओळ जाणार नाही. यूपीएसच्या शिट्टीने तुम्ही जेवणाच्या ताटावरून उठून धावता, ते यापुढे बंद. आई, तुझ्यासाठी वेगळा स्पीकर घेतला आहे, म्हणजे आमच्या छोटीबरोबर बोलताना तुला कान पडद्याला लावावा लागणार नाही. कॅमेराही बरा आहे. सामुदायिक प्रार्थना आटोपली की रोज सातनंतर आम्ही फोन करू, तू फक्त हिरव्या खुणेवर बोट ठेवायचे.

बाबा, तुमच्या फायलींची काळजी करू नका. दिवाळीत मी सगळे काही वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवून आणले होते. तुमचे लेखन कृतिदेव या फॉन्टमध्ये आहे. त्या पद्धतीत संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरेच असतात, फॉन्ट त्यांना फक्त देवनागरी वेष चढवतो, म्हणून फॉन्ट नसलेल्या यंत्रावर आपली वंशावळ निरर्थक इंग्रजी होऊन उघडते. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे ती कोणत्याही यंत्रावर, अगदी मोबाइलवरही, मराठीतच दिसते. मी सगळे युनिकोडमध्ये आणले आहे. रूपांतरात ऱ्हस्व वेलांट्या एक घर पुढे-मागे सरकतात आणि रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, म्हणून प्रत्येक पान डोळ्यांखालून घातले. त्या निमित्ताने आबाजींचे अमरावतीचे प्रकरण मी प्रथमच सलग वाचले. तुम्ही फार संयमाने लिहिले आहे, बाबा. आत्याबाईंविषयीचा परिच्छेद मात्र एकदा पुन्हा पाहावा असे मला वाटते. राहू दिलात तरी माझी हरकत नाही. आर्वीच्या टायपिंग क्लासात तुमच्या बोटांत बसलेली टंकयंत्राची कळरचना तशीच ठेवणारा प्रोग्रॅम दादाकडून नव्या यंत्रावर टाकून घेतला आहे, तेव्हा नव्याने काही शिकायचे नाही.

हे लिहिताना मला तो कॅल्क्युलेटर आठवला. तिसापर्यंतचे पाढे आणि पावकी-निमकी घडाघडा येईपर्यंत तो घरात आणायचा नाही असे तुमचे फर्मान होते आणि ज्या दिवशी मी बंगईवर बसून अडखळल्याशिवाय औटकीसुद्धा म्हणून दाखविली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी तुम्ही शाळेतून परस्पर आर्वीला जाऊन तो घेऊन आलात. त्याच्या पाठीवर कर्कटकाच्या टोकाने तारीख आणि किंमत कोरली होती आणि त्याखाली माझे नाव. घरातील प्रत्येक वस्तूवर तारीख आणि किंमत असे, नाव मात्र कशावरच नसे. धाकट्याला याचा कित्येक वर्षे राग होता. तो कॅल्क्युलेटर आजही माझ्या टेबलाच्या खणात आहे आणि चालतो.

आता काही गोष्टी सांगते, त्या कृपा करून ऐकाव्यात. यंत्र कापसाच्या खोलीत ठेवायचे नाही. आतल्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर ठेवायचे. लॅपटॉप साधारण ३५ अंशांपर्यंतच्या हवेत चालावा अशा बेताने केलेले असतात आणि आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, म्हणून एप्रिलपासून दुपारी बारा ते पाच तो उघडायचाच नाही. त्या वेळेत बाबांनीही झोपावे, दोघांनाही विश्रांती मिळेल. कूलरसमोर ठेवायचा नाही, ओल्या हवेने आतले सुटे भाग गंजतात. मृगाच्या सुमारास गडगडाट सुरू झाला की चार्जरचा प्लग आणि राउटरचाही प्लग भिंतीतून काढायचा. नुसते बटण बंद करून आकाशातली वीज थांबत नाही. आई, जुन्या सीपीयूला हात लावला की तुला मुंग्या यायच्या, तो भास नव्हता. घराचे अर्थिंग सुटलेले आहे. दादा येताना वायरमनला सोबत आणेल. अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ पुन्हा भरून घ्यावे लागेल आणि उन्हाळ्यात त्यात पाणी घालण्याचे काम तुझ्याकडे.

"तुमच्या संगणकात व्हायरस आला आहे" असा फोन आला किंवा पडद्यावर नंबर झळकला, तर काही न बोलता बंद करायचे. आपला पडदा दुसऱ्याला दाखविणारे कोणतेही ॲप कोणाच्याही सांगण्यावरून घ्यायचे नाही, तो माणूस बँकेचा असल्याचे सांगत असला तरी नाही आणि पोलिसाच्या वेषात दिसत असला तरी मुळीच नाही. पैसे गेल्यासारखे वाटले तर आधी १९३० या क्रमांकावर कळवायचे, मग मला. मी रागावेन या भीतीने लपवायचे नाही. मी रागावणार नाही.

जुन्या संगणकाची हार्ड डिस्क दादा काढून कपाटात ठेवेल, ती हलवू नये. यूपीएसची बॅटरी शिशाची आहे, ती बॅटरीवाल्याला परत द्यायची. भंगारवाल्याने चार पैसे जास्त दिले तरी त्याला नाही. मॉनिटर शाळेला द्यावा असे तुमच्या मनात असेल तर अवश्य द्या. आई, त्यावरचे तू विणलेले लोकरीचे झाकण मात्र देऊ नकोस.

नव्या यंत्राच्या तळाशी हवेच्या फटी आहेत. तेथे कागद चिकटवू नये आणि कर्कटक तर अजिबात लावू नये. तारीख लिहायचीच असेल तर चार्जरवर लिहावी. किंमत बिलावर आहे आणि बिल दादाजवळ आहे. तो तुम्हाला दाखविणार नाही, तसे मी त्याच्याकडून कबूल करून घेतले आहे.

तुमची,
मोठी